जत्रेचं अक्षर

संतराम सुताराला कुणी विचारावं, बाबा रे, लेकरं किती तुला? तर त्यानं आधी माणिकरावांच्या छापखान्यातल्या लाकडी अक्षरांच्या फळीकडं बोट दाखवलं असतं. मग जीभ चावून म्हणाला असता, "आन् एक पोरगी हाये. द्वारका." पोरीवर माया कमी होती असं कुणी समजू नये. उलट पोरीपायी जीव तीळतीळ तुटायचा. पण पोरगी सासरी, पुसेगावच्या पलीकडच्या वाडीत, आणि अक्षरं रोज डोळ्यांसमोर. माणूस समोर असेल त्याचं नाव आधी घेतो.

मूळचा तो औतं आणि चौकटी करणारा. हिंगोलीच्या बाजारात माणिकरावांनी छापखाना काढला, तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे छापायची अक्षरं, ठेवायच्या खणांची पेटी दुरुस्त करायला म्हणून गेला आणि तिथंच अडकला. मुंबईहून आलेलं एक खोकं कोपऱ्यात पडलं होतं. त्याच्यावर इंग्रजी अक्षरं. उभी काठी रेड्याच्या मानेसारखी जाड, आणि तिला जोडणारी रेघ मात्र इतकी बारीक की फुंकर मारली तर उडून जाईल. शिवाय प्रत्येक काठीच्या बुडाशी चिमुकली टाच, अक्षर पाय रोवून उभं राहिल्यासारखं. संतराम हातातला रंधा तसाच धरून बघत राहिला.

"मालक, हे काय लिवलंय?"

"साबण," माणिकराव म्हणाले.

"निस्तं साबण?"

"मग काय रामायण लिहितील खोक्यावर?"

संतरामला ते पटेना. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण दुरून बघताना वाटलं होतं की हे खोकं आपल्याला हाक मारून राहिलंय. ये म्हणतंय. ही गोष्ट ध्यानात ठेवा. संतरामनं ती ध्यानात ठेवली असती तर फार बरं झालं असतं.

त्या दिवसापासून त्याला वेड लागलं. आपल्या मराठीला असं अक्षर का नसावं? जाड ते भरपूर जाड, बारीक ते केसाएवढं, आणि काठीला टाच. सागावर कोरलं तर बारीक रेघ तडकायची. बाभळीचं लाकूड पटाशीला दाद देईना. शेवटी तांड्यावरचा भावसिंग, जो गाडी घेऊन गावोगाव लाकूड पोचवायचा, त्यानं हळदूचा ओंडका आणून दिला. ज्याच्या फण्या करतात ते हळदू. त्यात पहिला 'अ' टिकला. अक्षर उलटं कोरायचं तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं, आणि कुठलं अक्षर कसं ते माणिकरावांना विचारत, कोरता कोरता संतराम वाचायलाही शिकला. त्याची बायको चतुराबाई म्हणायची, "अक्षराला टाच लावता व्हय? माझ्या वहाणेची तुटली ती लावा आधी."

ही अक्षरं पहिल्यांदा कागदावर आली ती भैरोबाच्या पिंप्रीच्या जत्रेसाठी. चैत्री पुनवेला कयाधूच्या काठी ती जत्रा भरायची. गुलाबी कागद, काळीभोर शाई, आणि संतरामची अक्षरं. गावोगाव वेशीवर कागद लागले. वाचणारे कितीसे असणार हो? गावात पाटील, एखादा मास्तर, आणि वाडीत तर बोंबच. पण वाचायची गरजच पडली नाही. बायका पाण्याला जाता जाता कागदाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "आली गं जत्रा." सालोसाल तेच अक्षर, तोच कागद. त्याचं नावच पडून गेलं, जत्रेचं अक्षर. दुसऱ्या कशाला माणिकराव ते वापरत नसत, कारण गिऱ्हाईकच म्हणायचं, लग्नाच्या कागदाला हे नको, लोक नवरदेवाला सोडून कुस्त्या बघायला जातील.

संतरामला याचा कोण अभिमान! बाजारात मिशीवर हात ठेवूनच फिरायचा.

मग चतुराबाई वारली. द्वारकेचं माहेर तिथंच संपलं. तिची सासू आशाबाई म्हणजे तोंडानं कडक बाई. "आई न्हाई त्या घरात माहेरपण कशाचं? बाप का न्हाऊ घालनार हाये?" असं म्हणून तिनं पोरीचं येणंजाणं बंद केलं. दिवाळी गेली, पंचमी गेली, बोलावणं पाठवलं तर माणूस हात हलवत परत. एक जत्रा तेवढी उरली. देवाच्या वाटेला नाही म्हणायची आशाबाईची छाती नव्हती. तेव्हा वर्षातून एकदा, पुनवेच्या आगेमागे, कुस्तीच्या फडाजवळच्या लिंबाखाली बापलेकीची भेट व्हायची.

द्वारका येताना वेशीवरचा कागद हळूच ओला करून, सोलून, घडी घालून आणायची. लिंबाखाली बसलं की बापापुढं पसरायची. "बा, वाच की." आणि संतराम बोट ठेवून वाचायचा. पालखी कधी निघणार, कुस्त्या कुणाच्या, पाळणा आलाय, मिठाईची दुकानं आलीत. तिला ते सगळं डोळ्यांसमोर दिसत असायचं, तरी बापाच्या तोंडून ऐकायचं असायचं. वाडीतल्या बायांना ती सांगायची, "तुमच्या बापाचे सांगावे येतात. माझ्या बाचं अक्षर येतं." तिचा नवरा सोनाजी, मुकाट्याचा माणूस, बाजूला बसून शेंगा फोडत राहायचा. पुढं नीला झाली. तीही त्या कागदावर रांगली.

आणि मग ते साल आलं. लढाईचे दिवस होते, कागद मिळणं मुश्कील, राकेल मिळणं मुश्कील. आणि त्यात होळीनंतर कयाधूच्या काठच्या गावांत पटकी शिरली. आधी एका गावात, मग शेजारच्या. सकाळी औताला गेलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर. कचेरीतून हुकूम निघाला, पिंप्रीची जत्रा यंदा बंद. मोठ्या गावांत दवंडी पिटली, वाड्यावस्त्यांसाठी कागद लावायचं ठरलं. कचेरीचा कारकून मजकूर घेऊन छापखान्यात आला. मजकूर साधा होता. पटकीची साथ आहे, जत्रा भरणार नाही, कोणीही येऊ नये.

माणिकरावांनी नुकतेच मुंबईहून नवे मोठे खिळे मागवले होते. सगळीकडं सारख्या जाडीचे, साधे, टाच नाही की नखरा नाही. ते म्हणाले, "सरकारी काम आहे. नवीन टाईपात लावू."

संतराम कोपऱ्यात रंधा मारत होता तो ताडकन उठला.

"मालक, ह्या अक्षराकडं कुत्रं तरी बघंल का? ह्यो कागद वेशीवर लागला तर लोक त्याला पाठ लावून बसतील."

"अरे, हुकूम आहे तो. नखरा कशाला पाहिजे?"

"हुकूम हाये म्हनूनच तर! जिवाची गोष्ट हाये. दुरून दिसाया पायजे. माझं अक्षर शिवाराच्या पल्ल्याड दिसतं. तुमी ह्ये मुंग्यांचे पाय लावा आन् मरू द्या मानसं."

त्याचा आवाज चढला होता. नव्या खिळ्यांचा त्याला आधीपासून राग होता, ते खरं. आपली अक्षरं फळीवर धूळ खात पडणार ही भीती होती, तेही खरं. पण त्या घडीला त्याच्या डोळ्यांसमोर द्वारका होती, हे देवाशपथ खरं. साध्या अक्षराकडं ती ढुंकूनही बघायची नाही. बापाचं अक्षर दिसलं की मात्र थांबेल, जवळ जाईल, आणि कळेल तिला. बोट ठेवून वाचणारा बाप तिथं नसणार, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याला सुचली नाही. स्वतः वाचायला लागून इतकी वर्षं झाली होती की न वाचणारा माणूस कागदाकडं कसा बघतो, हे तो विसरून गेला होता. साबणाच्या खोक्यापुढं तोंड उघडं टाकून उभा राहिलेला संतराम दुसरा कुणी होता जणू.

कारकुनाला घाई होती. तो म्हणाला, "सुतार बराबर बोलतोय. मोठं दिसलं पाहिजे. त्याचंच लावा."

झालं. माणिकरावांनी हात झटकले. 'भैरोबाची पिंप्री येथे जत्रा' ही वरची ओळ मागच्या सालची बांधून ठेवलेलीच होती, छापखान्यात असं नेहमीचं मथळ्याचं काम सोडत नसतात. ती तशीच उचलून वर लावली. खाली 'बंद आहे', आणि त्याखाली बाकीचा मजकूर. पांढरा कागद मिळत नव्हता. जत्रेसाठी आणलेला गुलाबी कागद पडून होता, तोच घेतला. पहिला ताव निघाला तेव्हा संतरामनं तो उजेडाला धरला. जाड काठ्या काळ्याकुळकुळीत, बारीक रेघ एकही तुटलेली नाही. इतकं सुरेख छापलेलं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. मरणाच्या बातमीचा कागद, पण गड्याचा ऊर भरून आला.

घरी येऊन त्यानं नीलासाठी केलेली लाकडी बैलगाडी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. यंदा भेट नाही. वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण म्हणाला, पोरगी घरी सुखरूप राहील, पुढल्या साली भेटू. सर सलामत तो पगडी पचास.

पुनवेच्या दिवशी सकाळी भावसिंग हळदूचं लाकूड घेऊन छापखान्याच्या दारात आला. गाडी सोडता सोडताच म्हणाला, "संतरामभाऊ, काय तुमचा कागद! औंदा दुप्पट पब्लिक लोटून राहिलं बघा."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? पिंप्रीला. माझ्या तांड्यातली अर्धी मानसं परवाच गेली. आधी लोक बोलत होते, बंद हाये, बिमारी हाये, जाऊ नका. कुनाचा भरवसा बसंना. मग तुमचा कागद लागला. तवा म्हनले, आता झूट काय बोलता, हे काय डोळ्यापुढं जत्रेचं अक्षर."

संतरामला आधी कळलंच नाही. तो हसला. मग हातातली पटाशी टाकून तो गाडीजवळ आला.

"भावसिंग," तो म्हणाला, "पुसेगावाकडच्या गाड्या?"

"लई. रस्ता भरलाय."

भावसिंगनं लाकूड तिथंच उतरवलं आणि बैल पुन्हा जुंपले. वाटेत संतराम दिसेल त्या गाडीत डोकावून बघत होता. भावसिंगनं विचारलं तेव्हा त्यानं कागदावर खरं काय लिहिलंय ते सांगितलं. भावसिंगनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. त्याचीही माणसं तिथं होती.

पिंप्रीच्या मोठ्या रस्त्यावर पोलीस उभे होते, पण नदीच्या पात्रातून, शेतांतून, पांदीतून माणसं आलेलीच होती. देवळाचं दार बंद. पाळणा नाही, दुकान नाही, हलगी नाही. नुसती माणसं आणि गाड्या, आणि उन्हात एक विचित्र गप्पपणा. लोक वाट बघत बसले होते. दुकानवाल्यांना उशीर झाला असेल, येतील. नदी आटलेली, पात्रात झिरे खणून त्यातलं गढूळ पाणी प्यायचं चाललं होतं. थोड्या अंतरावर कुणी ओकत होतं. झाडाखाली पांघरूण घातलेलं काहीतरी आडवं ठेवलं होतं आणि त्याच्याभोवती बाया रडत होत्या.

एक हवालदार कागद नाचवत ओरडत होता, "डोळे फुटले का तुमचे? एवढं मोठ्ठं लिहिलंय! जा म्हणतो ना घरी!"

एका म्हाताऱ्यानं त्यालाच समजावलं, "सायेब, कागद तर तुमच्याच हातात हाये की. बोलवायचं आन् हाकलायचं, ह्ये कसं?"

संतराम तिथून पळाला. गाडीगाडीखाली वाकून बघत, द्वारके, द्वारके, हाका मारत. ती त्याच लिंबाखाली सापडली. दरसालचीच जागा. सोनाजीनं गाडी आडवी लावून सावली केली होती. नीला गाडीवर झोपली होती, तिला काही झालं नव्हतं. द्वारका मात्र गोधडीवर पडलेली. डोळे खोल गेलेले, ओठ काळे, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. पायांत गोळे येत होते तेव्हा तेवढी कण्हायची. सोनाजी पाय चोळत बसला होता.

"दवाखान्याचा तंबू पल्ल्याड हाये म्हनतात," तो म्हणाला. "म्या जाऊन आलो. डागतर एकच हाये. मानसांची रांग लागली. औषिद संपलं म्हनले."

संतराम तिच्या उशाशी बसला. तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीचं अंग गार लागत होतं. कांद्याचा रस, मीठपाणी, जे सुचलं ते त्यानं तिच्या तोंडाला लावलं. पोटात काही ठरेना.

"बा, आलास?" आवाज घोगरा, विहिरीतून आल्यासारखा. "मला वाटलं तू येतो का न्हाई."

"आलो, बाई."

"सासूबाई नकोच म्हनत होत्या. म्हनल्या, जत्रा बंद हाये, दवंडी ऐकली बाजारात. म्या म्हनलं, ह्ये बघा वेशीवर. माझ्या बाचं अक्षर हाये. ते काय खोटं बोलंल?" एवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली. मग हात उशाखाली गेला. घडी घातलेला गुलाबी कागद. तिनंच सोलून आणलेला, कडेला वेशीच्या भिंतीचा चुना लागलेला. "वाच की."

आता काय करावं माणसानं? संतरामनं कागद उघडला. त्याची अक्षरं त्याच्याकडं बघत होती, टाच रोवून, जाडजूड, एक रेघ तुटलेली नाही. त्यातल्या प्रत्येक अक्षरावर चाललेली पटाशी त्याला आठवत होती. ती उपटून फेकावीत, चावून खावीत असं त्याला झालं. पण पोरीची नजर तोंडाकडं लागलेली.

त्यानं दरसालसारखं बोट ठेवलं.

"भैरोबाची पिंप्री येथे जत्रा," त्यानं वाचलं. ते तर खरंच लिहिलेलं होतं. मग बोट खाली सरकलं. "चैत्री पुनवेला... पालखी निघंल. वाजतगाजत. नामी मल्लांच्या कुस्त्या होतील."

"कुनाच्या?"

"औंढ्याच्या मल्लाची हाये. आन् एक वाशिमाकडून येऊन राहिला."

"पाळणा?" ती म्हणाली. "मला पाळणा दिसला न्हाई, बा."

"हाये की. हे बघ, हितं लिवलंय. लई मोठा. नीलीला बसवू."

'कोणीही येऊ नये' या ओळीवर त्याचं बोट होतं.

"मिठाई?"

"मिठाईबी हाये. बांगड्यावाले हायेत. समदे येतील." तो वाचत राहिला. कागद संपला तरी वाचत राहिला. मागच्या सालचं, त्याच्या मागच्या सालचं, जे आठवेल ते. चतुराबाई होती त्या सालचंसुद्धा. द्वारका ऐकत होती. मधे एकदा "बराबर" म्हणाली. मग तिच्या पायांतले गोळे थांबले, आणि सोनाजीनं पाय चोळणं थांबवलं, आणि तरी संतराम वाचतच होता. सोनाजीनं त्याच्या हातावर हात ठेवला तेव्हा तो गप्प झाला.

ऊन कललं. नीला उठून गाडीवरून आईकडं बघायला लागली, तिला सोनाजीनं खांद्यावर घेतलं. आजूबाजूला लोक गाड्या जुंपून परत निघाले होते. आपापलं आजारपण आपापल्या गावाला घेऊन.

सोनाजी तसा न बोलणारा माणूस. पण त्यानं तो कागद उचलला, उलटसुलट करून बघितला.

"मामा," तो म्हणाला, "ह्याच्यावर तर समदं हाये म्हनता. पालखी, पाळणा. मग हितं काहून काईच न्हाई?"

संतरामला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. त्यानं कागद घेतला आणि पुन्हा बोट ठेवलं. या खेपेला एकेक अक्षर, जसं होतं तसं वाचलं. जत्रा बंद आहे. पटकीची साथ आहे. कोणीही येऊ नये.

सोनाजीनं त्या अक्षरांवरची नजर काढून सासऱ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर संतरामला सोसलं असतं. पोर खांद्यावर सावरत त्यानं खरोखरच न कळून विचारलं,

"मग मामा, तुमी आमाला बोलावलं काहून?"